ठराव एकमताने मंजूर

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, असं आई म्हणायची. या एका माणसाच्या बाबतीत तिने स्वतःच तो नियम कधी पाळला नाही, तेव्हा मी पाळायचं काही कारण नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, त्याला साहेब म्हणायचे. मी म्हणणार नाही.

तो विधान परिषदेत आमदार होता. मूळचा बेळगावकडचा, काही वर्षं वकिली केलेला, बसवनगुडीत ऐसपैस बंगला. भारताने राणीच्या मंडळातून ताबडतोब बाहेर पडावं, हे त्याचं जीवितकार्य. राणीचं मंडळ हे आमच्या घरातलं नाव. इंग्रज गेले, पण त्यांनी आणि त्यांच्या जुन्या वसाहतींनी मिळून देशांचं एक मंडळ चालवलं होतं. इंग्लंडची राणी त्याची प्रमुख, आणि आपण स्वतंत्र होऊनही राजीखुशीने त्यात राहिलो होतो. हे त्याला सहन होत नव्हतं.

त्याचं म्हणणं चूक होतं असं मी म्हणत नाही. बरोबरही असेल. त्या काळात चांगली शहाणी माणसं तेच म्हणत होती. पण कोणत्या मंडळात राहायचं आणि कोणत्या नाही हे दिल्लीत ठरतं, आणि हा बसायचा बंगलोरात, राज्याच्या सभागृहात. त्याच्या अखत्यारीत काय होतं? रस्ते, शाळा, दवाखाने, बस. त्यांच्याबद्दल तो कधी चकार शब्द बोलला नाही. जे आपल्या हातात नाही त्याबद्दल कडाडून बोलायचं आणि जे हातात आहे तिथे मूग गिळून बसायचं, असं त्याचं साधं गणित होतं. लहानपणी मला हे कळत नव्हतं. कळायला लागलं तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघवेना.

खरं म्हणजे मराठी माणसांपुढे बोलायला त्याच्याकडे दुसराही विषय होता. राज्यांची फेररचना झाली, बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि सीमाभागात रान पेटलं. तिकडचा माणूस म्हटल्यावर आमच्या लोकांना वाटायचं, आता हा त्यावर बोलेल. पण मराठीच्या बाजूने बोललं तर कन्नड मित्र बिथरणार, कन्नडच्या बाजूने बोललं तर आम्ही बिथरणार. राणीला शिव्या घातल्या तर बंगलोरात कोणीच बिथरत नव्हतं. म्हणून तो राणीला शिव्या घालायचा. याला आमच्या कॉलनीतले पुरुष धैर्य म्हणायचे.

आमची कॉलनी कारखान्याची, शहराबाहेर, लाल मातीच्या माळावर. भोवती रागीची शेतं आणि एका बाजूला सुरूच्या झाडांची दाट लागवड. अण्णांच्या बरोबरीचे इंजिनियर पुण्याहून, साताऱ्याहून, मिरजेहून आलेले. कारखान्यात इंग्रजी, दुकानात 'एष्टु' (केवढ्याला) आणि 'स्वल्प कम्मी माडी' (थोडं कमी करा), आणि मराठी फक्त घराच्या चार भिंतींत. ती चार भिंतींतली मराठी तरी कसली? 'भाजीत मीठ नाही' आणि 'दिवा लावा'. त्यामुळे भाद्रपदात गणपतीच्या मांडवात कोणी लांबलचक, अलंकारिक, सुंदर मराठी बोलायला लागला की ही माणसं पाघळायची. मोठमोठ्या यंत्रांत केसाएवढी चूक पकडणारे हे लोक, पण चांगलं बोलणारा तो चांगला माणूस, ही चूक त्यांनी वर्षानुवर्षं केली. पुण्यात राहिले असते तर कदाचित केली नसती. तिथे चांगलं बोलणारे गल्लोगल्ली असतात, त्यामुळे लोक त्यांना ओळखून असतात.

आणि आमच्या गणेशोत्सव मंडळाला नुसतं व्याख्यान पुरायचं नाही. व्याख्यानानंतर ठराव लागायचा. एक सूचक, एक अनुमोदक, मग अध्यक्ष विचारणार, 'अनुकूल असणाऱ्यांनी हात वर करावेत', मग सगळे हात वर, मग 'ठराव एकमताने मंजूर' आणि टाळ्या. दरवर्षी ठराव तोच: देशाने राणीच्या मंडळातून बाहेर पडावं. सूचक अण्णा, कारण ते आमच्या गणपती मंडळाचे चिटणीस. ठरावाची प्रत दिल्लीला जायची. तिकडे तिचं काय होत होतं ते तिकडचे शिपाई जाणोत. 'एकमताने' हा शब्द त्या माणसाला फार आवडायचा. अध्यक्ष तो उच्चारायचे तेव्हा तो डोळे मिटून मान डोलवायचा.

आता बसबद्दल सांगते, कारण सगळं तिच्यापाशीच येऊन थांबतं.

शहरातून येणारी बस रेल्वे फाटकापर्यंत यायची आणि तिथून तोंड फिरवायची. फाटकापासून कॉलनीपर्यंतचा रस्ता सुरूच्या झाडांतून जायचा. दिवसाढवळ्याही त्यावर चिटपाखरू नसायचं. कॉलनीतली शाळा सातवीपर्यंत. पुढचं हायस्कूल मल्लेश्वरमला. मुलगे सायकली दामटत जायचे. मुलींचं शिक्षण सातवीला संपायचं. ते कोणी बंद करत नव्हतं, आपोआप बंद व्हायचं. म्हणून कोणाला त्याचं काही वाटत नव्हतं.

माझी मोठी बहीण, अक्का, शाळेत पहिली यायची. मला भागाकार तिने शिकवला. सहावीत असतानाच शेजारच्या मुलाचं बीजगणिताचं पुस्तक मागून आणून ती चुलीपुढे बसून गणितं सोडवायची आणि उत्तर बरोबर आलं की पोळपाटावर लाटणं आपटायची. तिला एसएसएलसी, म्हणजे तिकडची मॅट्रिक, व्हायचं होतं. त्याच्या पुढचं काही तिने ठरवलं नव्हतं. आई म्हणाली, हिला सायकल घेऊ या. अण्णा म्हणाले, त्या झाडांतून एकटी पोर, सायकलवर? लोक काय म्हणतील? मग राहिली बस. फाटकाशी तोंड फिरवणारी बस आणखी थोडी पुढे आणायची, एवढंच काम होतं.

त्या वर्षी व्याख्यानाआधी तो आमच्याकडे फराळाला आला. आईने उकडीचे मोदक केले होते. तो मोदक फोडून त्यात तुपाची धार धरत होता, तेवढ्यात आई दारातून म्हणाली, "साहेब, आमच्या मुलींसाठी बस कॉलनीपर्यंत आणायला हवी. तुम्ही खात्यात एक शब्द टाकलात तर होईल."

"वहिनी, अगदी रास्त मागणी," तो म्हणाला. "पण आधी देशाच्या मानेवरचं हे जोखड उतरू द्या. मग बस काय, तुमच्या अंगणात विमान उतरवू." ओटीवरचे पुरुष खदखदून हसले. त्याने आणखी एक मोदक मागून घेतला, आणि आईने तो वाढला. याचा मला अजून राग येतो.

पुढच्या वर्षी अक्का सातवीत गेली. तोवर त्याला आणखी एक हौस लागली होती: ठरावाला अनुमोदन एखाद्या स्त्रीने द्यावं. वर्तमानपत्रात छान दिसतं. अण्णांनी अभिमानाने आईचं नाव सुचवलं आणि तिला बोलायची दोन वाक्यं स्वतः तयार करून दिली. आई आठवडाभर ती वाक्यं भाजी चिरताना पाठ करत होती. स्वागतगीत मुलींनी म्हणायचं होतं आणि त्यात पुढे अक्का. तिला नवं परकर-पोलकं शिवलं होतं.

मांडव भरला. गीत झालं, व्याख्यान झालं. तो बोलला सुरेखच, ते नाकारण्यात अर्थ नाही. गुलामगिरीच्या साखळ्या, सिंहाची आयाळ, सातासमुद्रापलीकडचं सिंहासन, सगळं यथासांग येऊन गेलं. मग अण्णांनी ठराव मांडला आणि आई उभी राहिली. पदर खांद्यावरून घट्ट ओढून तिने दोन वाक्यं नीट म्हटली. टाळ्या झाल्या. ती बसेल असं सगळ्यांना वाटलं. ती बसली नाही.

"माझी एक उपसूचना आहे," ती म्हणाली. उपसूचना हा शब्द तिने कुठून उचलला कोण जाणे. इतकी वर्षं बायकांच्या बाजूला जाजमावर बसून तिने बरंच ऐकून ठेवलं असणार. "देश त्या मंडळातून बाहेर पडेल तेव्हा पडो. तोपर्यंत आमदारसाहेबांनी रेल्वे फाटकापासून कॉलनीपर्यंत बस सुरू करून घ्यावी, असं या ठरावात घालावं. आमच्या मुलींची शाळा जूनला सुटणार आहे."

अण्णांची मान खाली गेली. मग तो माणूस हसला. मोठ्याने, मागे रेलून, हात उंचावून. तो ध्वनिक्षेपकाकडे आला आणि म्हणाला, "मराठी स्त्रीची विनोदबुद्धी अजून जिवंत आहे, हे आज वहिनींनी दाखवून दिलं!" त्याबरोबर अख्खा मांडव हसला. बायकाही हसल्या. आई विनोद करत नव्हती हे त्या मांडवात कोणाला कळलं नसेल असं मला वाटत नाही. सगळ्यांना कळलं होतं. हसणं सोपं होतं, म्हणून ते हसले.

अध्यक्षांनी विचारलं, हात वर झाले. आईचा झाला नाही. अध्यक्षांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. ठराव मूळ स्वरूपात, एकमताने मंजूर.

घरी येताना अक्काने विचारलं, "आई, मग बस येणार की नाही?" जूनमध्ये मी सहावीत गेले आणि अक्का घरी राहिली. बीजगणिताचं पुस्तक शेजारच्या मुलाला परत द्यायला आईने मला पाठवलं. अक्का गेली नाही.

आता यातली खरी चीड आणणारी गोष्ट सांगते. आमच्या भागाचा दुसरा एक आमदार होता, खालच्या सभागृहातला, लोकांनी निवडून दिलेला. होसकोट्याकडचा शेतकरी. एकदा तो मांडवात आला होता. उभा राहिला, 'नमस्कारा' म्हणाला आणि बसला. पुरुषांनी त्यानंतर महिनाभर त्याची टिंगल केली. शेजारच्या कन्नड मावशी आईला पुन्हा पुन्हा सांगायच्या, "नम्म एमएलए इद्दारल्ला, बन्नी, होगोणा." आपला आमदार आहे ना, चला, जाऊ या. आईने अण्णांना विचारलं, तर अण्णा म्हणाले, "त्या माणसाला दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत. त्याच्या दारात जाऊन उभं राहायचं? आपले साहेब असताना?"

आपले साहेब! ज्याने बससाठी बोटही हलवलं नाही तो आपला, कारण त्याची क्रियापदं जागच्या जागी असायची.

दीड वर्ष असंच गेलं. मग मावशींची मुलगी सातवीला आली, मीही सातवीला आले, आणि मावशींनी आईला विचारणं सोडून दिलं. एका सकाळी त्यांनी आईला हाताला धरून नेलंच. मीही बरोबर होते. तो शेतकरी आमदार ओसरीवर बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होता. मावशी बोलल्या. आईने तिच्या मोडक्या कन्नडमध्ये दोन शब्द जोडले. त्याने शेंगा आमच्यापुढे सरकवल्या, मुली किती आहेत विचारलं आणि 'सरी', म्हणजे 'बरं', म्हणाला. एवढंच. आम्ही परत आलो. जूनच्या आत बस कॉलनीच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. त्यात त्याचं काही मोठं पुण्यकर्म नव्हतं. त्या रस्त्याकडेला त्याच्या मेव्हण्याची जमीन होती, बस आल्यावर तिला भाव येणार होता. पण त्याने ते देशभक्तीच्या नावाखाली केलं नाही, एवढं मी त्याच्या बाजूने म्हणेन.

आई अण्णांना म्हणाली, "दोघींनाही घाला." अण्णा म्हणाले, "दोन वर्षं गेली आता. एवढी थोराड पोर आठवीत बसवायची? तिच्यासाठी स्थळं यायला लागतील." अक्का म्हणाली, "मलाच नको. मी काय या लहान पोरींबरोबर बसू?" ती हे भिंतीकडे बघत म्हणाली. पहिल्या दिवशी मला सोडायला ती कॉलनीच्या फाटकापर्यंत आली, माझी वेणी पुन्हा एकदा घट्ट केली आणि बस निघाल्यावरही तिथेच उभी राहिली. मी खिडकीतून हात हलवला. तिने हलवला नाही, ती बसकडे बघत होती.

त्या वर्षीच्या गणपतीत अण्णांनी ध्वनिक्षेपकावरून त्या माणसाचे आभार मानले: साहेबांच्या प्रयत्नांमुळे आपल्या कॉलनीला बस मिळाली. त्याने हात जोडून, नम्रपणे मान लववून आभार स्वीकारले. ज्याला लाज नसते त्याला नम्रता किती शोभून दिसते, हे मी त्या दिवशी पाहिलं. आई उठून घरी गेली.

अक्काचं लग्न झालं. ती धारवाडला गेली. मी एसएसएलसी झाले, कॉलेजला गेले. दरवर्षी ठराव होत राहिला, देश त्या मंडळात राहत राहिला. त्या माणसाने आपलं मत एकदाही बदललं नाही, हे लोक कौतुकाने सांगायचे. कशाला बदलेल? त्या मतासाठी त्याला कधी काही सोडावं लागलं नव्हतं. सोडलं ते दुसऱ्यांनी.

मग शेजारच्या देशाशी लढाई झाली. राणीच्या देशाने आपल्याला दूषणं दिली असं सगळीकडे बोललं जात होतं, आणि पुढच्या गणपतीत त्याच्या व्याख्यानाला कधी नव्हती एवढी गर्दी झाली. अक्का माहेरपणाला आली होती, कडेवर वर्षाचा मुलगा. मांडवाच्या तोंडाशी तो भेटला. आता केस पांढरे, आवाज तोच. अण्णांनी ओळख करून दिली, "ही आमची थोरली."

"स्वागतगीत म्हणणारी ना? वा!" तो तिच्या डोक्यावरून मागच्या गर्दीकडे बघत म्हणाला. "काय शिकतेस हल्ली?"

कडेवरचं मूल तिच्या मंगळसूत्राशी खेळत होतं.

"सातवी झाली," ती म्हणाली.

"छान, छान. शिकत राहा," तो म्हणाला, आणि व्यासपीठाकडे गेला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी काहीतरी बोलणार होते, पण अक्काने माझा दंड धरला आणि आम्ही जाजमावर आईजवळ जाऊन बसलो. व्याख्यान झालं. साखळ्या, आयाळ, सिंहासन, सगळं होतं. अण्णांनी ठराव मांडला आणि पहिल्या रांगेतल्या आपल्या खुर्चीवर येऊन बसले. अध्यक्षांनी विचारलं. हात वर झाले, अण्णांचा सगळ्यात आधी.

अक्का उठली. मुलाला कडेवर घेऊन ती बायकांमधून वाट काढत, सगळ्या मांडवादेखत, पहिल्या रांगेपाशी गेली आणि अण्णांसमोर उभी राहिली. ती ओरडली नाही, पण मला मागे जाजमावरही स्पष्ट ऐकू आलं.

"अण्णा, हात खाली घ्या."

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांचा हात हळूहळू खाली आला. अध्यक्ष गोंधळले. ज्याने ठराव मांडला त्याचाच हात खाली, आता एकमताने म्हणायचं तरी कसं? व्यासपीठावरून तो माणूस हसला, तसाच, मागे रेलून. "चिटणीसांचा हात दुखतोय वाटतं," तो म्हणाला. दोघे-चौघे हसले आणि गप्प झाले.

"माझा हात दुखत नाही," अण्णा म्हणाले.

ठराव बहुमताने मंजूर झाला. अक्का परत येऊन माझ्याजवळ बसली आणि मुलाचं नाक पुसू लागली. अण्णा दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून होते, आणि आई त्यांच्याकडे एकटक बघत होती. मला रडू फुटलं. अण्णांबद्दल माया वाटली म्हणून, आणि तेवढाच त्यांचा राग आला म्हणूनही. आई उपसूचना घेऊन उभी राहिली होती त्या संध्याकाळी हाच हात खाली राहिला असता, तर अक्का माझ्याआधी त्या बसमध्ये चढली असती.